‘बर्न ब्रिजेस’ लिहिताना: परतीचे दोर आणि जळलेले पूल

माझ्या भाचीने तिच्या दुसऱ्या नोकरीसाठी लिहिलेला अर्ज मी जपून ठेवला आहे. पुण्यातली चार वर्षांची नोकरी सोडून तिला एका परदेशी कंपनीत जायचं होतं. अर्जाच्या शेवटच्या परिच्छेदात तिने मनापासून लिहिलं होतं, ‘आय हॅव बर्न्ड ऑल माय ब्रिजेस टु मेक धिस मूव्ह.’ तिला म्हणायचं होतं की मी परतीचे दोर कापून निघाले आहे, आता पूर्ण ताकदीने तुमचीच. मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, ‘मागच्या ठिकाणी नेमकं काय बिनसलं?’ बिनसलं तर काहीच नव्हतं. निरोपसमारंभात तिचे साहेब तिच्यासाठी भरभरून बोलले होते. मग हा प्रश्न कुठून आला, ते तिला घरी येईपर्यंत कळलं नाही.

तो प्रश्न त्या एका वाक्यातून आला होता. आपण मराठी माणसं इंग्रजी लिहायला लागलो की ‘बर्न ब्रिजेस’ हा वाक्प्रचार फार लवकर उचलतो, कारण तो ओळखीचा वाटतो. ओळखीचा वाटतो म्हणूनच तो फसवतो. इंग्रजीत लिहायला नुकतीच सुरुवात केलेल्यांसाठी, विशेषतः नोकरीची पत्रं, ईमेल आणि छोटे लेख लिहिणाऱ्यांसाठी, तो नीट वापरायची पद्धत इथे पायरीपायरीने मांडतो आहे.

पहिली पायरी: आपल्याला कोणता अर्थ हवा आहे ते ठरवा

आपल्याकडे ‘परतीचे दोर कापणे’ म्हटलं की डोळ्यांसमोर कोंढाणा उभा राहतो. फेब्रुवारी 1670 ची ती रात्र, तानाजी पडल्यावर पळू लागलेले मावळे, आणि गडावर चढताना वापरलेले दोर कापून टाकणारा सूर्याजी. ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो आणि तिच्यातून आलेला वाक्प्रचार आपल्या कानाला शौर्याचाच वाटतो. ज्याने दोर कापले तो आपला नायक. त्याने कुणाला दुखावलं नाही, स्वतःच्या माणसांना लढायला उभं केलं.

इंग्रजीतला पूलही मुळात रणांगणातलाच. सैन्य पूल ओलांडून पुढे गेलं आणि मागे तो जाळून टाकला की माघारीची वाट संपली. याच कुळातला जुना भाऊ म्हणजे ‘बर्न युवर बोट्स’, आपल्या होड्या जाळणे. ब्रिटिश लिखाणात तो अजून भेटतो. सिसिली बेटावरच्या सिराक्यूझ शहराचा सत्ताधीश अगॅथोक्लीझ इ.स.पू. 310 मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा त्याने आपली जहाजं खरोखरच जाळली होती. 1519 मध्ये मेक्सिकोत उतरलेल्या स्पॅनिश सेनानी कोर्तेसचं नाव यासाठी सगळीकडे घेतलं जातं, पण त्याने जहाजं जाळली नव्हती, निकामी करून टाकली होती. तुमच्या लेखात हा दाखला देणार असाल तर एवढं सांभाळा. चिनी भाषेतही असाच चार अक्षरांचा वाक्प्रचार आहे, ‘हंड्या फोडा, होड्या बुडवा’. इ.स.पू. 207 मध्ये सेनापती शिआंग यूने नदी ओलांडल्यावर सैन्याला तीन दिवसांची शिधा दिली, स्वयंपाकाची भांडी फोडली आणि होड्या बुडवल्या, अशी त्यामागची हकिकत आहे. म्हणजे कल्पना तीच, आणि ती जगभर आहे.

मग घोळ कुठे होतो? इंग्रजीतला पूल पुढे रणांगणातून उठला आणि माणसामाणसांत येऊन बसला. आज कुणी ‘ही बर्न्ड हिज ब्रिजेस’ असं म्हणालं की वाचणाऱ्याच्या मनात आधी येतं ते असं: हा माणूस जाताना असं काहीतरी वागला की आता तिथली माणसं त्याला दारात उभं करणार नाहीत. पूल म्हणजे संबंध. जाळणं म्हणजे स्वतःच्या वागण्याने तो संबंध कायमचा संपवणं. माघार तोडण्याचा जुना अर्थ शब्दकोशांत अजून आहे आणि चुकीचा मुळीच नाही. पण जिथे माणसांचा, नोकरीचा, संस्थेचा विषय आहे तिथे तो मागे पडतो आणि भांडणाचा अर्थ पुढे येतो. मराठीत दोर कापणारा शूर ठरतो, इंग्रजीत पूल जाळणारा बहुतेक वेळा उतावळा ठरतो. भाचीच्या वाक्याचं नेमकं हेच झालं.

म्हणून लेखणी उचलण्याआधी स्वतःला मराठीतच विचारा की मला ‘आता माघार नाही’ म्हणायचं आहे की ‘संबंध तोडून बसला’ म्हणायचं आहे? पहिलं उत्तर आलं तर या वाक्प्रचाराला हात लावू नका. ‘देअर इज नो गोइंग बॅक’ किंवा ‘आय ॲम फुली कमिटेड’ असं साधं लिहा. होड्या जाळायच्याच असतील तर ‘बर्न्ट माय बोट्स’ लिहिता येईल, पण वाचणारा अमेरिकेतला असेल तर त्याच्या कानाला ते जुनाट वाटेल. दुसरं उत्तर आलं तर पुढे चला.

दुसरी पायरी: पूल खरंच जळला का ते तपासा

संबंधांचा अर्थ हवा आहे हे ठरलं तरी लगेच वाक्य लिहू नये. आधी तीन गोष्टी पाहाव्यात.

आग कुणी लावली? ज्याचा पूल, त्यानेच तो जाळलेला असला पाहिजे. कंपनीने माणसाला कामावरून कमी केलं, तर त्या माणसाने पूल जाळला असं होत नाही. गावाने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकलं तर त्या कुटुंबाने काही जाळलेलं नसतं, त्यांच्यावर ते लादलेलं असतं. तिथे ‘ऑस्ट्रसाइझ’ हे क्रियापद हवं. प्राचीन अथेन्समध्ये खापरीच्या तुकड्यांवर नावं लिहून माणसाला शहराबाहेर घालवत, त्यातून तो शब्द आला आहे. आपल्याकडे तर वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राने 2016 चा कायदाच केला आहे. अशा विषयावर इंग्रजीत लिहिताना सोसणाऱ्यांच्या माथी पूल जाळल्याचा दोष मारणं हा भाषेचाही अपराध आहे आणि त्या माणसांवरचाही अन्याय आहे. मला ही चूक सर्वांत जास्त बोचते.

पुलापलीकडे परतण्यासारखं काही होतं का? जिथे पुन्हा काम, मदत, शिफारस किंवा मैत्री मिळू शकली असती तिथलाच पूल जळतो. रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून झालेली बाचाबाची म्हणजे काही पूल जाळणं नव्हे.

आणि वाट खरोखर बंद झाली का? हा वाक्प्रचार मोठ्या आगीचा आहे. दोन दिवस अबोला झाला, मग चहाच्या टपरीवर पुन्हा बोलणं सुरू झालं, तर पूल जागेवरच आहे.

तिन्ही प्रश्नांना ‘हो, त्यानेच’, ‘हो, होतं’ आणि ‘हो, झाली’ अशी उत्तरं आली की वाक्य लिहायला घ्या.

तिसरी पायरी: वाक्य बांधा

इथे बारकावे बरेच आहेत आणि मराठी वळणाच्या चुका नेमक्या इथेच होतात, म्हणून जरा थांबून पाहू.

क्रियापद ‘बर्न’ हेच. आपण संबंध ‘तोडतो’, दोर ‘कापतो’, म्हणून हात आपोआप ‘ब्रेक द ब्रिजेस’ किंवा ‘कट द ब्रिजेस’ लिहून जातो. इंग्रजीत हे वाक्प्रचार म्हणून चालत नाहीत. पूल इथे फक्त जळतो. (कोकणातल्या ओढ्यावरचा लाकडी साकव डोळ्यांसमोर आणा. दगडी पूल जळत नाही, साकव जळतो. मी शिकवताना हेच चित्र सांगतो आणि मग क्रियापद विसरत नाही कुणी.) ‘बर्न डाउन’ असंही लिहायची गरज नाही.

पूल सहसा अनेकवचनी, आणि त्याच्या आधी कर्त्याचं सर्वनाम. ‘शी बर्न्ड हर ब्रिजेस’, ‘दे बर्न्ड देअर ब्रिजेस’, ‘आय डोन्ट वॉन्ट टु बर्न माय ब्रिजेस’. कर्ता ‘शी’ आणि पूल ‘हिज’ असं झालं की वाक्य कोसळतं, कारण दुसऱ्याचे पूल आपण जाळत नाही. सर्वनाम गाळून नुसतं ‘बर्न ब्रिजेस’ लिहिलं तरी चालतं, तेव्हा ते सवयीबद्दलचं किंवा सर्वसाधारण विधान होतं: ‘ही हॅज अ हॅबिट ऑफ बर्निंग ब्रिजेस.’ एकाच संबंधाबद्दल बोलायचं असेल तर एकवचनही येतं, ‘आय बर्न्ड अ ब्रिज देअर’ किंवा ‘दॅट ब्रिज इज बर्न्ड’.

ज्याच्याशी संबंध तुटला तो ‘विथ’ नंतर येतो: ‘ही बर्न्ड हिज ब्रिजेस विथ द पब्लिशर.’ आपल्या ‘प्रकाशकाशी’ मधला ‘शी’ म्हणजे हा ‘विथ’ समजा, चूक होणार नाही. मात्र माणसाला थेट कर्म करू नका. ‘ही बर्न्ड हिज बॉस’ असं लिहिलंत तर एकतर साहेब भाजले असा अर्थ होतो, नाहीतर त्याने साहेबांना गंडवलं किंवा त्यांचा पाणउतारा केला असा. तिन्ही अर्थ तुम्हाला नको आहेत.

भूतकाळी रूप ‘बर्न्ड’ की ‘बर्न्ट’? अमेरिकी वाचकासाठी ‘बर्न्ड’, ब्रिटिश वाचकासाठी दोन्ही चालतात. एका पत्रात एकच ठेवा. कर्मणी प्रयोग करता येतो, ‘द ब्रिजेस हॅव बीन बर्न्ड’, पण त्यात आग कुणी लावली ते गुलदस्त्यात राहतं, आणि या वाक्प्रचारात तोच तर खरा मुद्दा आहे. मी तो टाळतो.

सर्वांत जास्त वेळा हा वाक्प्रचार नकारात येतो, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. ‘विदाउट बर्निंग एनी ब्रिजेस’, ‘ट्राय नॉट टु बर्न युवर ब्रिजेस’, ‘आय वुड रादर नॉट बर्न दॅट ब्रिज’. तो सल्ल्याच्या भाषेत मुरलेला आहे. होकारी वाक्य सुचत नसेल तर नकारी लिहून पाहा, बहुतेक वेळा तेच जास्त सहज वाटतं. आणि विशेषण हवं असेल तर मध्ये आडवी छोटी रेघ देऊन ‘अ ब्रिज-बर्निंग ईमेल’ म्हणता येतं.

चौथी पायरी: आगीची धग मोजा

मराठीत दुराव्याच्या किती छटा आहेत ते आठवा. खटकणं, मनातून उतरणं, बिनसणं, दुरावणं, फाटणं, तोंड न पाहणं. या सगळ्यांना आपण एकाच शब्दाने हाक मारत नाही. इंग्रजीतही मारू नये.

कुणाचं बोलणं नुसतं खटकलं तर ‘ही रब्ज मी द राँग वे’. ब्रिटिश लोक त्यात ‘अप’ घालतात, ‘रब्ज मी अप द राँग वे’. मांजरीच्या अंगावर उलटा हात फिरवल्यासारखं हे चित्र आहे. चीड येते, पण कुणी कुठे जात नाही.

भांडण होऊन बोलणं थांबलं तर ‘दे फेल आउट ओव्हर मनी’. भावाभावांच्या, मित्रामित्रांच्या वादाला हा शब्द फार छान बसतो, कारण त्यात पुन्हा एकत्र येण्याची जागा राहते. भांडण न होता दुरावा आला, एक या शहरात गेला, दुसरी लग्न होऊन तिकडे गेली, फोन कमी झाले, तर ‘वी ड्रिफ्टेड अपार्ट’. इथे कुणाचाच दोष नाही आणि वाक्यानेही तो लावू नये.

‘कट टाइज’ आणि ‘सेव्हर टाइज’ हे संबंध संपवण्याचे शांत, विचारपूर्वक शब्द आहेत. संस्था दुसऱ्या संस्थेशी करार थांबवते तेव्हा हे येतात. त्यात राग असेलच असं नाही.

आणि मग ‘एलियनेट’. हा शब्द मला आवडतो, कारण त्याचं मूळ आपल्याला लगेच कळतं. लॅटिनमध्ये ‘एलिएनस’ म्हणजे दुसऱ्याचा, परका. ‘एलियनेट’ म्हणजे आपल्या माणसाला परकं करणं. हे सकर्मक क्रियापद आहे, त्याला थेट कर्म लागतं: ‘हर टोन एलियनेटेड हर कलीग्ज.’ इथे ‘विथ’ घालणं ही आपल्याकडची ठरलेली चूक आहे, ‘एलियनेटेड विथ हर कलीग्ज’ असं नको. कुणापासून दुरावलं ते सांगायचं तर ‘फ्रॉम’: ‘हिज टेम्पर एलियनेटेड हिम फ्रॉम हिज टीम.’ दोघांत फरक असा की एलियनेट करणं महिनोन्‌महिने, नकळत, छोट्या छोट्या वागण्यातून होऊ शकतं. पूल जाळणं हे सहसा एखादं कृत्य असतं, एक ईमेल, एक भाषण, तोंडावर फेकलेला राजीनामा. तुमच्या प्रसंगात तारीख सांगता येत असेल तर पूल. ‘कधीपासून झालं कळलंच नाही’ असं असेल तर एलियनेट.

पाचवी पायरी: तो कुठे लिहायचा आणि कुठे नाही

मित्राला पाठवायच्या ईमेलमध्ये, वृत्तपत्रातल्या लेखात, ब्लॉगवर, आत्मकथनात, सल्ल्यात हा वाक्प्रचार शोभतो. राजकारणावर लिहिताना, एखादा नेता पक्ष सोडताना काय बोलून गेला यावर, तो अगदी चपखल बसतो. कायदेशीर नोटिशीत, अहवालात आणि राजीनाम्यात मात्र नको.

राजीनाम्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडची मुलं तिथेच तो हमखास लिहितात. ‘आय डू नॉट वॉन्ट टु बर्न एनी ब्रिजेस’ हे वाक्य तुम्हाला नम्र वाटतं. वाचणाऱ्याला त्यात ऐकू येतं की याच्या मनात बरंच काही साठलंय आणि हा स्वतःला आवरतोय. काडी हातात घेऊन ‘मी पेटवणार नाही’ म्हणण्यासारखं ते आहे. पूल राखायचा असेल तर पुलाचं नाव काढू नये, राखण्याचं काम करावं. शेवटचा दिवस कोणता ते लिहा, नोटिशीचा काळ पूर्ण करणार ते लिहा, हातातलं काम कुणाला आणि कधी समजावून देणार ते लिहा, आणि तिथे खरोखर काय शिकलात ती एक गोष्ट नावानिशी लिहा. ‘आय विल कम्प्लीट द हँडओव्हर बिफोर माय लास्ट डे’ या वाक्यात जेवढी सदिच्छा आहे तेवढी दहा वाक्प्रचारांत नाही. आपल्याकडे रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचं प्रमाणपत्र हातात पडल्याशिवाय पुढची नोकरी अडते, पुढे जुन्या साहेबांकडे विचारणाही होते. तेव्हा या पत्रातला प्रत्येक शब्द तुमच्या फाइलमध्ये राहणार आहे हे धरून लिहा.

मी स्वतः तरुणपणी एका ठिकाणाहून बाहेर पडताना दोन पानी पत्र लिहिलं होतं. त्यात लिहिलेलं सगळं खरं होतं. पगार अडवला होता, श्रेय दुसऱ्याला दिलं होतं. तरीही त्या पत्रामुळे तिथल्या तीन चांगल्या माणसांशी, ज्यांचा त्यात काही संबंध नव्हता, माझं बोलणं कायमचं तुटलं. तक्रार करायलाच हवी होती, पण ती वेगळ्या कागदावर, योग्य माणसाकडे. निरोपाच्या पत्रात ती घालून मी त्या तिघांकडे जायची वाटही जाळली.

आणखी एक जागा जपावी. जिथे खरा पूल, खरी आग किंवा खरा मृत्यू विषयात आहे तिथे हा वाक्प्रचार आणू नका. ऑगस्ट 2016 मध्ये महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर गाड्या आणि माणसं गेली. अशा घटनेवर इंग्रजीत लिहिताना, अधिकारी आणि ठेकेदार यांच्या वादाबद्दल सुद्धा, ‘बर्न्ड देअर ब्रिजेस’ लिहिणं वाचणाऱ्याच्या जिवाला लागतं. लिहून झाल्यावर एकदा फक्त याच नजरेने मजकूर वाचावा.

सहावी पायरी: शेजारचे पूल ओळखा

इंग्रजीत पुलांचे वाक्प्रचार बरेच आहेत आणि ते एकमेकांत मिसळतात. ‘क्रॉस दॅट ब्रिज व्हेन वी कम टु इट’ म्हणजे ती अडचण येईल तेव्हा बघू. घाईत ‘वी विल बर्न दॅट ब्रिज व्हेन वी कम टु इट’ असं लिहून जाणारे मी पाहिलेत, त्यातून अडचण येईल तेव्हा भांडण करू असा अर्थ निघतो. ‘बिल्ड ब्रिजेस’ म्हणजे दोन गटांत संवाद जोडणं, हे जाळण्याच्या बरोबर उलट. ‘ब्रिज द गॅप’ म्हणजे अंतर भरून काढणं, यात ‘ब्रिज’ क्रियापद आहे. तुटलेला संबंध सांधायचा असेल तर मात्र इंग्रजीत पूल दुरुस्त करत नाहीत, कुंपण दुरुस्त करतात: ‘मेंड फेन्सेस’, कुंपणंही अनेकवचनी.

सर्वांत नाजूक प्रकरण पाण्याचं आहे. आपण म्हणतो, ‘पुलाखालून बरंच पाणी वाहून गेलंय’, म्हणजे मधल्या काळात पुष्कळ काही घडलं, परिस्थिती बदलली. इंग्रजीत ‘अ लॉट ऑफ वॉटर हॅज फ्लोड अंडर द ब्रिज’ हे वाक्य आपल्यासारखंच चालतं. पण त्याचं छोटं रूप ‘इट्स वॉटर अंडर द ब्रिज’ वेगळं आहे. त्याचा अर्थ झालं गेलं गंगेला मिळालं, मनात काही नाही. एका शब्दसमूहाच्या फरकाने तुम्ही ‘बराच काळ गेला’ ऐवजी ‘मी माफ केलं’ म्हणून बसता. जुन्या वादावर कुणाला पत्र लिहीत असाल तर यातलं तुम्हाला काय म्हणायचं आहे, आणि खरंच म्हणायचं आहे का, हे पक्कं करूनच लिहा. आणि ज्या परिच्छेदात पूल जाळलात त्याच परिच्छेदात त्याखालून पाणी वाहू देऊ नका. चित्र गोंधळतं.

सातवी पायरी: मराठीतून उतरवून पाहा

सराव करायचा तर मराठी प्रसंग घ्या आणि कोणता शब्द लागतो ते ठरवा.

‘शेवटच्या दिवशी त्याने सगळ्यांसमोर साहेबांना सुनावलं. आता तिथे त्याला कोण उभं करणार?’ इथे आग त्यानेच लावली, वाट बंद झाली, दिवसही ठरलेला आहे. ‘ऑन हिज लास्ट डे ही शाउटेड ॲट हिज मॅनेजर अँड बर्न्ड हिज ब्रिजेस विथ द कंपनी.’ बघा, काय केलं ते आधी आलं आणि वाक्प्रचार नंतर. नुसताच वाक्प्रचार लिहिला असता तर काय घडलं याचा अंदाज वाचकावर सोपवला असता.

‘सोसायटीच्या सेक्रेटरींचं बोलणं मला लागतं.’ साधं ‘रब्ज मी द राँग वे’.

‘घर विकून त्याने खानावळ टाकली, आता माघार नाही.’ हा दोर कापण्याचा प्रसंग, इथे पुलाला हात लावू नका. ‘ही सोल्ड हिज हाउस टु ओपन द प्लेस, सो देअर इज नो गोइंग बॅक.’

‘जमिनीच्या वादात अण्णा धाकट्या भावाविरुद्ध कोर्टात गेले. दहा वर्षं येणं-जाणं नाही.’ इथे मी स्वतः अडखळतो. आग अण्णांनी लावली असं धाकटा म्हणेल, धाकट्याने लावली असं अण्णा म्हणतील. लिहिणारा पुतण्या असेल तर ‘बर्न्ड हिज ब्रिजेस’ लिहून त्याने बाजू घेतलेली असते. बाजू घ्यायची नसेल तर ‘दे फेल आउट ओव्हर द लँड अँड हॅव नॉट स्पोकन फॉर टेन इयर्स’. घरातल्या भांडणावर लिहिताना मी बहुतेक वेळा हेच निवडतो, कारण दहा वर्षांनीही कुणाच्या तरी लग्नात हे दोघे एका पंगतीला बसतील अशी आशा वाक्यात ठेवायला मला आवडतं.

‘मुलगी परजातीत लग्न करून गेली म्हणून घरच्यांनी संबंध तोडले.’ आग घरच्यांनी लावली आहे. कर्ता नीट ठेवा: ‘हर फॅमिली कट हर ऑफ.’ ‘शी बर्न्ड हर ब्रिजेस’ लिहिलंत तर एका वाक्यात सगळा दोष त्या मुलीवर गेला.

भाचीने त्या संध्याकाळी माझ्यासमोर बसून तो परिच्छेद पुन्हा लिहिला. ‘ऑल माय ब्रिजेस’ खोडलं आणि बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली. मग तिने लिहिलं, ‘आय ॲम लीव्हिंग अ टीम आय लाइक, बिकॉज धिस इज द वर्क आय वॉन्ट टु डू.’ आणि त्याखाली, शिफारशीसाठी, त्याच जुन्या साहेबांचं नाव.